दोन नोंदवह्या शेजारी ठेवल्या की

जुन्नर वनविभागात १९९३ ते २००१ या काळात बिबट्याने माणसावर हल्ला केल्याच्या घटना वर्षाला सरासरी ४ होत्या. २००१ ते २००३ या काळात ही सरासरी १७ वर गेली. कुकडी प्रकल्पाचं पाणी आलं, ऊस वाढला, उसात बिबट्याला आडोसा मिळाला, हे जुन्नर तालुक्यातल्या कोणालाही विचारलं तरी सांगता येत होतं. पण ऊस काही २००१ साली एकाएकी उगवला नव्हता. बिबट्यांची संख्या अचानक वाढल्याचीही नोंद नव्हती. मग हल्लेच चौपट का झाले?

उत्तर सापडलं ते दोन प्रकारच्या नोंदी एकत्र वाचल्यावर. माणसांवरच्या हल्ल्यांच्या नोंदी होत्या: कुठे, कधी, कोणावर, जखमी की मृत. आणि त्याच सुमारास शेतशिवारात पकडून जवळच्या जंगलांत नेऊन सोडलेल्या बिबट्यांच्याही नोंदी होत्या. पाळीव जनावरं मारली जाऊ नयेत, या चांगल्या हेतूनेच हे बिबटे हलवले जात होते. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तारखा आणि ठिकाणं जुळवून पाहिली, तेव्हा हल्ल्यांतली वाढ बिबटे सोडायला लागल्यानंतरची निघाली आणि सोडलेल्या जागांच्या आसपास हल्ल्यांचं प्रमाण सर्वांत जास्त निघालं. हा अभ्यास २०११ मध्ये ‘कॉन्झर्व्हेशन बायोलॉजी’ या नियतकालिकात आला. बिबट्या उचलून दुसरीकडे सोडला की प्रश्न मिटतो, ही समजूत त्याने मोडली.

या घटनेतून मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. हल्ले आणि बिबट्यांचं स्थलांतर, दोन्हींची माहिती एकाच विभागाच्या कामकाजातून तयार होत होती. अडचण माहितीच्या तुटवड्याची नव्हती. एका वहीतली ओळ दुसऱ्या वहीतल्या ओळीशी जोडून कोणी प्रश्न विचारत नव्हतं, ही अडचण होती. रिलेशनल डेटाबेस, म्हणजे एकमेकांशी जोडता येणाऱ्या तक्त्यांत ठेवलेली माहिती, ही याच जोडणीची विद्या आहे. जुन्नर आणि शेजारच्या आंबेगाव तालुक्यातल्या शाळा-महाविद्यालयांतून ती शिकवायची असेल तर इथल्याच नोंदींवरून शिकवावी, आणि संगणकाच्या पेपरातला एक धडा म्हणून न शिकवता नागरिकाचं शिक्षण म्हणून शिकवावी, असं माझं म्हणणं आहे. ज्याला फक्त फॉर्म भरता येतो, तो आयुष्यभर दुसऱ्याच्या तक्त्यातली एक ओळ होऊन राहतो. ज्याला दोन तक्ते जोडता येतात, तो प्रश्न विचारू शकतो.

आज डेटाबेस शिकवला जातो तो बहुतेक ठिकाणी एका ठरलेल्या उदाहरणावर. एका कंपनीचे कर्मचारी, त्यांचे विभाग, त्यांचे पगार. कर्मचारी एका तक्त्यात, विभाग दुसऱ्या तक्त्यात, विभाग क्रमांकाने दोन्ही जोडायचे. उदाहरण चुकीचं नाही, पण ओतूरच्या किंवा घोडेगावच्या मुलीला त्यात एकही प्रश्न स्वतःचा वाटत नाही. ती आज्ञा पाठ करते, प्रात्यक्षिकाच्या वहीत उतरवते, गुण मिळवते. एका तक्त्याचे दोन करायचेच कशासाठी, हे मात्र तिला कळत नाही, कारण त्या बनावट कंपनीत चूक झाली तर कोणाचंच काही बिघडत नाही.

तिच्या घरात मात्र एक कागद असतो, ज्यात चूक झाली तर पिढ्यान्‌पिढ्या भांडणं चालतात. तो म्हणजे सातबारा.

महसूल खात्याचे गाव नमुने हे संगणक येण्याच्या फार आधी माणसांनी बांधलेलं, एकमेकांत गुंतलेल्या तक्त्यांचं जाळं आहे. नमुना ७ म्हणजे जमिनीवरचे अधिकार. नमुना १२ म्हणजे पिकांची नोंद. हे दोन मिळून सातबारा. ८-अ म्हणजे खातेदाराच्या नावावर गावात असलेल्या सगळ्या जमिनींचा उतारा. नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही, ज्यात विक्री, वारस, वाटणी, बोजा असा प्रत्येक बदल अनुक्रमांकाने चढतो. एक वही दुसरीशी बोलते ती तीन आकड्यांमुळे: गट क्रमांक, खाते क्रमांक आणि फेरफार क्रमांक. डेटाबेसच्या भाषेत हे आकडे म्हणजे ‘की’ (key), म्हणजे ओळख पटवणारी किल्ली.

वर्गात एक काल्पनिक उतारा फळ्यावर काढावा. कोणाच्या घरचा खरा उतारा वापरू नये. समजा गट क्रमांक १४२. वर गाव, तालुका, भूधारणा पद्धती. डावीकडे हेक्टर-आर मध्ये क्षेत्र, आकारणी, पोटखराबा. मध्ये खातेदारांची नावं: तीन भाऊ, एक बहीण, आणि त्यांनी ज्याला तुकडा विकला तो शेजारी. प्रत्येकासमोर खाते क्रमांक, क्षेत्र आणि फेरफार क्रमांक. उजवीकडे इतर अधिकारात विकास सोसायटीचा बोजा आणि विहिरीतला हिस्सा. आता मुलांना विचारावं की हे सगळं एकाच मोठ्या तक्त्यात लिहिलं तर काय होईल? प्रत्येक खातेदारासमोर गटाचं एकूण क्षेत्र पुन्हा पुन्हा लिहावं लागेल. कोणी बेरीज केली तर एका गटाचं क्षेत्र पाचपट दिसेल. थोरल्या भावाचा पत्ता बदलला तर त्याच्या नावाच्या प्रत्येक गटावर जाऊन तो बदलावा लागेल, आणि एका ठिकाणी राहिला की एकाच माणसाचे दोन पत्ते होतील. एका गटाला अनेक खातेदार आणि एका खातेदाराचे अनेक गट, हा संबंध दोन्ही बाजूंनी अनेकपदरी असतो. म्हणून गटाचा तक्ता वेगळा, खातेदाराचा वेगळा, आणि कोणाचा कोणत्या गटात किती हिस्सा हे सांगणारा तिसरा तक्ता मधे हवा. पाठ्यपुस्तकात ज्याला नॉर्मलायझेशन म्हणतात, ते एवढ्या चर्चेतून मुलं स्वतः शोधून काढू शकतात.

याच उताऱ्यावर आणखी एक शहाणपण दिसतं. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर नाव कमी झालं की ते खोडून टाकत नसत, त्याला कंस करत. कंसातलं नाव वाचता येतं आणि शेजारचा फेरफार क्रमांक ते कशाने कमी झालं हे सांगतो. म्हणजे जमीन कोणाच्या नावावर आहे हे जितकं जपायचं, तितकंच ती आधी कोणाच्या नावावर होती आणि बदल कशाच्या आधारे झाला हेही जपायचं. नोंद पुसू नये, नवी नोंद करावी आणि जुनीचा माग ठेवावा, हा नियम बँकेपासून दवाखान्यापर्यंत प्रत्येक चांगल्या डेटाबेसला लागू आहे.

सातबाऱ्याच्या मर्यादाही वर्गात तितक्याच स्पष्टपणे मांडायला हव्यात. गावात बायकांच्या नावावर किती जमीन आहे, असा प्रश्न एखाद्या मुलीने विचारला, तर पारंपरिक सातबारा त्याचं सरळ उत्तर देऊ शकत नाही, कारण त्यात स्त्री-पुरुष असा रकानाच नाही. नावांवरून अंदाज करत बसावं लागतं. रकाना नाही म्हणून प्रश्न नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. ज्याने तक्ता आखला त्याला तो प्रश्न पडला नव्हता, एवढाच त्याचा अर्थ. सारा कोणी भरायचा हे सरकारला हवं होतं, म्हणून सारा वसूल करणाऱ्याच्या सोयीचे रकाने आले. प्रत्येक तक्त्यामागे कोणाचा तरी हेतू असतो आणि त्या हेतूपलीकडचं तो तक्ता सांगत नाही. ही जाणीव ज्या विद्यार्थ्याला आली, त्याला कोणत्याही सरकारी वा खासगी आकडेवारीकडे पाहण्याची दृष्टी आली.

संगणकाच्या जगात ही विद्या आली ती एडगर कॉड यांच्यामुळे. आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या या गणितज्ञाने जून १९७० मध्ये मोठ्या सामायिक माहितीसाठ्यांच्या रिलेशनल मांडणीवर निबंध प्रसिद्ध केला. तोवर संगणकातली माहिती झाडाच्या फांद्यांसारख्या किंवा जाळ्यासारख्या रचनेत साठवत. कुठली नोंद कुठल्या वाटेने सापडते हे प्रोग्राम लिहिणाऱ्याला पाठ असावं लागे, आणि रचना बदलली की प्रोग्राम मोडत. कॉड यांचा आग्रह असा की माहिती आत कशी ठेवली आहे, याच्याशी विचारणाऱ्याला कर्तव्य नसावं. माहिती साध्या तक्त्यांत मांडा, तक्त्यांमधले संबंध मूल्यांवरून ओळखा, आणि माणसाला ‘काय हवं’ एवढंच सांगू द्या. ‘कसं शोधायचं’ ते यंत्राने पाहावं. १९७४ मध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी याच विचारावर प्रश्न विचारण्याची भाषा मांडली, तिचंच आजचं रूप म्हणजे एसक्यूएल. १९८१ मध्ये कॉड यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

या इतिहासातली लोकशाही मला मोलाची वाटते. आधी माहितीच्या कोठाराची वाट ज्याला ठाऊक, तोच प्रश्न विचारू शके. कॉड यांनी ती वाट सगळ्यांसाठी मोकळी केली. तलाठी कार्यालयात कोणती वही कोणत्या कपाटात आहे हे एकाच माणसाला माहीत असलं की गाव त्याच्यावर किती अवलंबून राहतं, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

शिवाय यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. एसक्यूलाइट नावाचा छोटा, फुकट, कोणालाही वापरायला मोकळा असलेला रिलेशनल डेटाबेस प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आधीपासूनच असतो. फोनमधले संपर्क त्यात साठवले जातात. तोच शाळेतल्या जुन्या संगणकावरही इंटरनेटशिवाय चालतो. मुलांच्या खिशात जे यंत्र आहे, त्याच्या पोटात ही विद्या रोज काम करते आहे आणि आपण ती त्यांना दाखवलेली नाही.

डेटाबेस शिकवताना सगळा भर साठवण्यावर आणि शोधण्यावर राहतो, माहिती आली कुठून याकडे दुर्लक्ष होतं. इथे पुणे जिल्ह्याचा एक जुना धडा कामाचा आहे. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी या जिल्ह्याची जमीन मोजायला घेतली. रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्याने १८२७ नंतर केलेल्या पाहणीची कल्पना अतिशय सुबक होती. प्रत्येक शेत मोजायचं, मातीची प्रत ठरवायची, उत्पन्नातून मशागतीचा खर्च वजा करून निव्वळ उत्पन्न काढायचं आणि त्याचा ५५ टक्के वाटा सरकारने घ्यायचा. अर्थशास्त्राच्या ताज्या सिद्धांतावर बेतलेली ही योजना १८३० च्या सुमारास लागू झाली आणि थोड्याच वर्षांत कोसळली. निव्वळ उत्पन्न काढायला जी बारीकसारीक माहिती लागत होती, ती गोळा करणाऱ्या हाताखालच्या लोकांच्या नोंदी चुकीच्या होत्या, अनेक ठिकाणी लाचेने वाकवलेल्या होत्या. सारा असह्य झाला, लोकांनी जमिनी टाकल्या. त्यानंतर गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३६ पासून याच जिल्ह्यातल्या इंदापुरात साऱ्याचा नव्याने बंदोबस्त सुरू केला. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा हट्ट सोडला. मातीचा रंग, खोली, दोष अशा शेतात उभं राहून पाहता येतील, आणि दुसऱ्याला पुन्हा तपासता येतील, अशाच गोष्टी नोंदवायच्या ठरवल्या. तीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली.

प्रिंगलचं गणित चुकलं नव्हतं. त्याने असं काही मागितलं, जे नोंदवणाऱ्याला धड पाहता येत नव्हतं आणि वरच्याला तपासता येत नव्हतं. ऑनलाइन माहिती गोळा करताना आजही हीच चूक पावलोपावली होते. गुगल फॉर्म बनवणं दहा मिनिटांचं काम झालं आहे, म्हणून आपण काहीही विचारतो. ‘तुमच्या भागात पाऊस कसा आहे: चांगला, मध्यम, कमी?’ याला शंभर उत्तरं आली तरी हाती काही लागत नाही, कारण आंबेगावच्या पश्चिमेकडच्या आहुप्याच्या माणसाचा ‘कमी’ पाऊस पूर्वेकडच्या मंचरच्या माणसाचा ‘चांगला’ पाऊस असतो. पर्जन्यमापकात सकाळी साडेआठ वाजता, हवामान खात्याच्या वेळेला, किती मिलिमीटर पाणी होतं, हे एक मूल रोज लिहू शकतं आणि दुसरं तपासू शकतं.

हा पावसाचा तक्ता शिकवण्यासाठी फार चांगला आहे, कारण त्यात रिकाम्या जागेचा प्रश्न पहिल्याच आठवड्यात उभा राहतो. रविवारी शाळा बंद होती, कोणी माप घेतलं नाही. सोमवारी तक्त्यात काय लिहायचं? बहुतेक मुलं शून्य लिहितात. शून्य म्हणजे पाऊस पडला नाही. रिकामं म्हणजे पाहिलं नाही. महिन्याची बेरीज करताना हा फरक गिळला गेला, तर मुसळधार पावसाचा दिवस कोरडा ठरतो. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. सह्याद्रीच्या कुशीतल्या तालुक्यांत पावसाची गावनिहाय, दिवसनिहाय, विश्वासार्ह नोंद हा काही हौसेचा विषय नाही. त्या नोंदीत ‘पाहिलं नाही’ या गोष्टीला ‘काही घडलं नाही’ म्हणायचं नसतं, हे दहावीच्या मुलाला कळलं पाहिजे.

दुसरा प्रश्न ओळखीचा. आडनाव-नावाने माणूस ओळखता येत नाही, गावाच्या नावाने गाव ओळखता येत नाही. जुन्नरात पिंपळगाव जोगा आहे, तर आंबेगावात मंचरजवळ खडकी-पिंपळगाव आहे. फॉर्ममध्ये लोक नुसतं पिंपळगाव लिहितात. कोणी नारायणगाव लिहितो, कोणी नारायणगांव. माणसाला ते एक दिसतं, यंत्राला दोन गावं दिसतात. म्हणून जनगणनेत प्रत्येक गावाला सहा अंकी क्रमांक आहे, जमिनीच्या तुकड्याला आता ११ अंकी भू-आधार क्रमांक आहे. आणि म्हणूनच जुन्नरमध्ये पकडलेल्या बिबट्यांच्या शरीरात तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवली गेली. सगळे बिबटे पाहणाऱ्याला सारखे दिसतात. पुन्हा पिंजऱ्यात आलेला प्राणी नवा की पूर्वीच सोडलेला, हे त्या क्रमांकाशिवाय सांगता येत नाही, आणि ते सांगता आलं नाही तर स्थलांतराचा उपयोग झाला की नाही हेही सांगता येत नाही.

जोडणी निष्काळजीपणे केली तर काय होतं, तेही हाताने करून दाखवावं. एका तक्त्यात बिबट्याने मारलेल्या शेळ्या-वासरांचे पंचनामे आहेत, दुसऱ्यात पशुपालकांचे मोबाइल क्रमांक. एका घराचे दोन क्रमांक आहेत. तक्ते जोडले की त्या घरची एक शेळी दोनदा येते आणि गावचं नुकसान कागदावर वाढतं. कोणी खोटं बोललेलं नसतं, तरी आकडा खोटा होतो. वर्तमानपत्रात आकडा वाचताना ‘हा कशाला जोडून काढला?’ असं विचारायची सवय अशा दोन-तीन चुका स्वतः केल्याशिवाय लागत नाही.

यावर घेतले जाणारे आक्षेप मला ठाऊक आहेत आणि ते हलके नाहीत.

पहिला आक्षेप शिक्षकांचा, आणि तो रास्त आहे. शाळांवर आधीच ऑनलाइन माहितीचा डोंगर आहे. शासनाच्या सरल आणि यू-डायस या माहिती प्रणाली आहेत, विद्यार्थ्यांची आधार जुळणी आहे, योजनांची वेगवेगळी पत्रकं आहेत. जन्मतारखेतला एक आकडा किंवा नावातलं एक अक्षर जुळत नाही म्हणून शिक्षक तासन्‌तास संगणकापुढे बसतात. त्यांना आणखी एक काम कशाला? पण नीट पाहिलं तर शिक्षकांचा हा त्रास माझ्याच म्हणण्याला पुष्टी देतो. शाळा वर्षानुवर्षं माहिती वर पाठवते, आणि त्या माहितीवर स्वतःचा एकही प्रश्न विचारत नाही. दिवाळीनंतर कोणत्या वाडीची मुलं गैरहजर राहतात, ऊसतोडीच्या आणि टोमॅटोच्या हंगामाशी त्याचा संबंध आहे का, हे हजेरीपत्रक आणि वाडीची यादी जोडली तर शाळेलाच कळेल. माहिती ज्या दिवशी भरणाऱ्याच्या उपयोगी पडते, त्या दिवसापासून ती काळजीने भरली जाते.

दुसरा आक्षेप असा की एक्सेलचा एक तक्ता पुरतो, मुलांना एवढं कशाला? वर्गाच्या सहलीचा हिशेब असेल तर पुरतो. पण दहा गावं, तीन वर्षं, पाच प्रकारच्या नोंदी आणि वीस नोंदवणारी मुलं झाली की एका तक्त्यात तीच माहिती चार ठिकाणी लिहिली जाते आणि चारही ठिकाणी वेगवेगळी चुकते. आपलं काम या मर्यादेपलीकडे कधी गेलं, हे ओळखता येणं हाच शिक्षणाचा भाग आहे.

तिसरा आक्षेप आजचा. आता कृत्रिम बुद्धिमत्तेला मराठीत विचारलं तरी ती क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, लिहून देते, मग मुलांनी ती शिकायची कशाला? भाषेचे नियम पाठ करायची गरज खरोखरच कमी झाली आहे, हे मान्य करावं. पण एक नोंद म्हणजे काय, हे यंत्र ठरवू शकत नाही. जखमी वासरू नुकसानीत धरायचं का? एकाच रात्री एकाच गोठ्यात तीन शेळ्या गेल्या, तर घटना एक की तीन? नावावरून जोडून दोन वेगळी माणसं एक झाली, तर यंत्र तक्रार करत नाही, ते गुळगुळीत उत्तर देतं. उत्तर स्वस्त झालं की प्रश्न नीट मांडण्याची आणि उत्तर तपासण्याची किंमत वाढते.

चौथा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: मुलांच्या हाती लोकांची माहिती देणं धोक्याचं नाही का? आहे. बिबट्याने कोणाचं मूल नेलं, कोणावर किती कर्ज आहे, कोण कोणत्या जातीचा आहे, या गोष्टी वर्गाच्या तक्त्यात येताच कामा नयेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने संमतीला महत्त्व दिलं आहे, आणि अठरा वर्षांखालच्या व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांची संमती मागितली आहे. पण कायद्याच्याही आधी ही माणुसकीची गोष्ट आहे. म्हणून विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात सुरुवात पाऊस, विहिरींची पातळी, पिकं, पक्षी, बाजारभाव यांनी व्हावी. माणसांची माहिती लागलीच तर नाव एका तक्त्यात शिक्षकाकडे कुलुपात राहावं आणि मुलांच्या तक्त्यात फक्त क्रमांक यावा. तक्ते वेगळे ठेवण्याचा हा फायदा पाठ्यपुस्तकात फारसा सांगत नाहीत, पण नैतिकदृष्ट्या तोच पहिला आहे. ज्या मुलाने वयाच्या सोळाव्या वर्षी दुसऱ्याची माहिती जपायची जबाबदारी घेतली, तो पुढे स्वतःची माहिती कोणत्याही ॲपला डोळे झाकून देणार नाही.

मग हे प्रत्यक्षात कसं व्हावं? दोन्ही तालुक्यांतल्या काही शाळांनी मिळून एक वर्षाचा प्रकल्प घ्यावा. आंबेगावचा पश्चिम भाग धुवाधार पावसाचा आणि पूर्व भाग पर्जन्यछायेचा, त्यामुळे पावसाची नोंद हा विषय आपोआप अर्थपूर्ण होतो. केंद्रांचा एक तक्ता: शाळा, गावाचा क्रमांक, उंची, अक्षांश-रेखांश. रोजच्या मापांचा दुसरा. नोंदवणाऱ्यांचा तिसरा. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला अनेक ठिकाणी रेंज मिळत नाही, म्हणून नेटशिवाय फोनमध्ये नोंद ठेवून नंतर पाठवणारी ओडीके किंवा कोबोसारखी फुकट साधनं वापरावीत. दुसऱ्या सत्रात त्या मापांना विहिरीची पातळी आणि शिवारातली पिकं जोडावीत. नमुना १२ मध्ये येणारी पिकांची नोंद २०२१ पासून ई-पीक पाहणीतून शेतकरी स्वतःच फोनवर करतात, उभ्या पिकाचा फोटो काढतात. घरात बहुतेकदा ही नोंद शिकलेलं पोरच करून देतं. म्हणजे ऑनलाइन माहिती गोळा करण्याचं काम ही मुलं करतच आहेत. आपण काय करतो आहोत आणि ती नोंद पुढे कशाला जोडली जाते, हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही इतकंच.

आणि वर्षाच्या शेवटी त्या माहितीचं चावडी वाचन व्हावं. सातबारा संगणकावर चढवताना हजारो चुका शिरल्या, तेव्हा २०१७ मध्ये महसूल खात्याने गावोगाव उतारे लोकांसमोर वाचून दाखवण्याची मोहीम घेतली, आणि चुका दाखवणारे लोक होते म्हणून त्या सापडल्या. ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांच्यासमोर ती मोठ्याने वाचायची, ‘हे बरोबर आहे का?’ असं विचारायचं, आणि कोणी हरकत घेतली तर दुरुस्तीची नोंद करायची, याइतकी चांगली तपासणी मला दुसरी माहीत नाही. ग्रामसभेत एखादी मुलगी म्हणेल, ‘काका, जुलैत आपल्याकडे इतके मिलिमीटर पाऊस झाला आणि इतके दिवस आम्ही माप घेतलं नाही.’ एखादा म्हातारा म्हणेल, ‘बाळा, त्या दिवशी तर ओढ्याला पूर आला होता, तुझ्या कागदावर थेंब कसा नाही?’ त्या क्षणी तिला डेटाबेस कळलेला असेल.

जोडणीचं आणखी एक उदाहरण जुन्नर तालुक्यातच आहे. खोडदला महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. तिचं बारीक चित्र तयार होतं ते एकेका अँटेनाच्या संदेशावरून नव्हे, दोन-दोन अँटेनांचे संदेश जुळवून, आणि ३० अँटेनांच्या अशा ४३५ जोड्या होतात. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे प्रदर्शन भरतं, आसपासच्या शाळांची मुलं आपले प्रकल्प घेऊन येतात. दोन्ही तालुक्यांच्या पावसाचा, मुलांनी आखलेला आणि गावाने तपासलेला डेटाबेस त्या मांडवात असायला हवा.

यापुढच्या काळात पीकविमा, कर्जमाफी, नुकसानभरपाई, शिष्यवृत्ती, रेशन, सगळं तक्ते जोडूनच ठरणार आहे. एखाद्या शेतकऱ्याचं नाव यादीतून गळलं, तर ‘सिस्टीममध्ये दिसत नाही’ असं उत्तर त्याला मिळेल. त्या उत्तराने गप्प बसायचं, की कोणता तक्ता कोणत्या क्रमांकाने कशाला जोडला आणि माझी ओळ कुठे तुटली असं विचारायचं, हे शाळेत काय शिकलो यावर ठरेल. असा प्रश्न विचारणारी मुलं-मुली प्रत्येक गावात चार-दोन तरी असावीत, एवढ्यासाठी हा विषय शिकवायचा. त्याला लागणारा पहिला तक्ता फळ्यावर खडूने आखता येतो आणि दुसरा प्रत्येकाच्या घरातल्या ट्रंकेत आहे, म्हणून साधनांची वाट पाहण्याचं कारणही उरलेलं नाही.